गुंजाबाईची शेवटची खेप

एक होता राजा. ए निन्या, राजा म्हटल्याबरोबर उठून बसायचं नाही. या राजाकडे घोडा नाही, तलवार नाही, लढाई तर नाहीच नाही. त्याला पायसुद्धा नव्हते. तो नुसता एका जागी बसायचा आणि बसून बसून दमायचा. हसू नका मोठ्यानं, तुमचे आजोबा पलीकडच्या खोलीत जागे आहेत. त्यांना वाटेल त्यांचीच गोष्ट चाललीये.

तर या राजाचं नाव डोकोजीराव. त्याचा किल्ला हाडाचा, गोल, चहूबाजूंनी बंद. आत मिट्ट काळोख. बाहेरचं जग त्यानं जन्मात कधी पाहिलं नाही. जे काय कळायचं ते निरोप्यांकडून. पण ऐट बघा! राज्यातली सगळ्यात जास्त साखर हाच खायचा, आणि वर म्हणायचा, "कामाचा सगळा भार माझ्याच डोक्यावर." आता नुसतं डोकंच असल्यावर भार दुसरीकडे कुठं पडणार?

राज्याचं नाव कायापूर. कुठं आहे म्हणशील शरू, तर तू आत्ता ज्याच्यावर पांघरूण ओढलंयस ना, ते एक कायापूर. निन्याचं वेगळं. माझंही एक आहे, पण त्याची पडझड चाललीये, त्यातली गोष्ट नको. आपल्या गोष्टीतलं कायापूर म्हणजे भिवा भोई नावाचा माणूस. नदीकाठी राहायचा, मासे धरायचा. पण त्याच्या आतल्या रयतेला काही भिवा ठाऊक नव्हता, बरं का. त्यांना वाटायचं, आपलं आहे एक मोठं राज्य, ऊबदार नि ओलं.

रयत कोण? तर पेशी. शरूच्या पुस्तकात तसंच म्हणतात. मी आपली घरं म्हणते. इवली इवली घरं. मोहरीच्या एका दाण्यात किती मावतील? मोजा बघू डोळे मिटून. मोजता मोजता झोप लागली तर मी सुटले.

नाही लागली? बरं.

मग प्रत्येक घराला एक मऊ भिंत. घरात एक चूल. चुलीत साखर घालायची, वरून हवा द्यायची, की पेटलीच. आणि मधल्या खोलीत कोण? मधल्या खोलीत एक आजी. ती स्वतः काडी इकडची तिकडे करत नाही. नुसती सांगते. "आज हे शिजवा. ते फाटलंय, शिवा. भिंतीला भोक पडलंय, लिंपा." घरातलं सगळं तिला पाठ. ती आहे म्हणून घर उभं. अगदी खरं सांगते, पुस्तकात बघ. आजीला तिथं दुसरं काहीतरी नाव दिलंय, पण आहे ती आजीच.

आता चूल म्हटली की हवा हवी. ती हवा घरोघर कोण पोचवणार? तर गुंजाबाई.

गुंजाबाई होती हमालीण. लालबुंद, गोल, मधे दाबल्यासारखी, थेट गुंजेच्या रंगाची. अशा हमालणी कायापुरात नदीच्या पाण्यासारख्या वाहायच्या. पण आपली गुंजाबाई वेगळी. ती म्हातारी झाली होती.

तिचं काम ऐका. छातीत होते दोन भाते. फुस्स वर, फुस्स खाली. तिथं जायचं, हवेचं गाठोडं बांधायचं, पाठीवर घ्यायचं. मग मधे बसलेले धडकेमामा. त्यांच्या खोलीत शिरलं की मामा द्यायचे ढकलून. "चला! चला! चला! चला!" दुसरा शब्द नाही त्यांच्याकडे. हात लाव बघू छातीला निन्या. ऐकू आलं? तेच ते. मामांनाही झोप नाही बिचाऱ्यांना. दोन "चला"च्या मधे जेवढं थांबतात, तेवढाच त्यांचा विसावा.

मग मोठा रस्ता. मग छोटा रस्ता. मग गल्ल्या, त्यातून बोळ, आणि बोळ इतका अरुंद की अंग दुमडून एकीमागं एक जायचं. दारादारात हवा द्यायची, घरातला धूर गोळा करायचा, आणि पुन्हा मागं. पुन्हा भाते, पुन्हा मामा, पुन्हा "चला." दिवस नाही, रात्र नाही.

आणि एक रीत होती हमालणींची. त्या जन्मायच्या हाडांच्या पोटात. तिथून बाहेर पडताना घरातली आजी तिथंच ठेवून निघायचं. चूलही काढून टाकायची. का? गाठोड्याला जागा व्हावी म्हणून. म्हणजे बघा, लोकांच्या चुलीसाठी जन्मभर हवा वाहायची, आणि स्वतःच्या घरात चूलच नाही. चिमूटभर साखर कच्चीच तोंडात टाकायची की झालं. आणि आजी नाही म्हटल्यावर "इथं फाटलंय, शीव गं" असं सांगणारं कोण? म्हणून एकदा फाटलं की फाटलं. हमालणी लवकर म्हाताऱ्या होतात त्या यामुळं.

गुंजाबाईच्या कडा विरल्या होत्या. अंग ताठ झालं होतं. बोळातून जाताना पूर्वी ती लवलवत जायची, आता घासून जायची. तिच्या मनात एकच. पानथरीला जायचं. पानथरी ठाऊक आहे का? पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. डाव्या कुशीत, बरगड्यांच्या आड असते. तिथं एक बारीक खिडकी आहे. तरण्या हमालणी तिच्यातून सुळकन पार होतात. जिला दुमडता येत नाही ती तिथंच राहते. मग तिथली माणसं तिला बसवून घेतात. पुढं चालायला नको. संपलं.

गुंजाबाई भात्यात गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "ही शेवटची खेप गं बायांनो. ही टाकली की मी पानथरीला."

बाकीच्या हसल्या. "मावशी, मागल्या खेपेला पण हेच म्हणालात."

"मागल्या खेपेला खोटं म्हणाले. आता खरंच दमले."

मग धडकेमामांनी ढकललं, आणि ती नेमकी जाऊन पडली सगळ्यात लांबच्या रस्त्याला. अंगठेवाडीला! म्हणजे पायाच्या अंगठ्यात. राज्याचं पार दक्षिणेचं टोक. तिकडे जायचं म्हटलं की हमालणी नाकं मुरडायच्या. थंडी फार. पण गुंजाबाईला बरं वाटलं, कारण तिथं तिची एक ओळखीची होती. नखूआक्का.

नखूआक्का नख विणायची. दिवसभर बसून तेच. विणायचं नि पुढं सरकवायचं, विणायचं नि पुढं सरकवायचं. तोंडानं भारी तिखट. गुंजाबाई दारात आली की म्हणायची, "आलीस? एवढीशीच हवा? बाकीची काय सासरी नेतेस?"

आणि ती म्हणायची त्यात खोटं नव्हतं, बरं का. हमालणींची आणखी एक रीत अशी, की गाठोडं कधी पुरतं सोडायचं नाही. दारात थोडी हवा द्यायची, जास्तीची पाठीवर ठेवायची. वाटेत कुणाची चूल विझायला आली तर? म्हणून भात्याकडे परततानाही गाठोडं बरंच भरलेलं असायचं. रिकामं गाठोडं घेऊन परतणं म्हणजे हमालणीला लाज.

झोपलात? नाही? मला वाटलं निन्या गेला. डोळे मिटून फसवतोस होय आजीला? फसव, फसव.

मग त्याच खेपेला काय झालं. हे बाहेरचं सांगते हं, आतलं नाही. भिवा दुपारी गळ घेऊन नदीवर बसला होता. आदल्या रात्री जाळं दुरुस्त करत जागला होता, डोळे उघडे राहीनात. त्यानं काय केलं, गळाचा दोरा पायाच्या अंगठ्याला बांधला. मासा लागला की ओढ बसेल, जाग येईल. नदीवरची माणसं करतात असं. बायको गोदी तिथंच भांडी घासत होती. ती म्हणाली, "अहो, सैल बांधा जरा."

भिवा म्हणाला, "सैल बांधला की मासा दोरा घेऊन जातो. तू भांडी घास."

आणि बांधला घट्ट. वर आणखी एक गाठ. वर आणखी एक. आणि झाडाच्या सावलीत जो आडवा झाला, तो घोरायलाच लागला.

इकडे किल्ल्यात डोकोजीरावही आडवे झाले. राजा झोपला की किल्ल्यात झाडूवाले शिरतात आणि दिवसभराचा कचरा पाण्यानं धुऊन काढतात. तुमच्याही डोक्यात शिरतील आत्ता, तुम्ही झोपलात तर. नाहीतर कचरा तसाच राहील, मग उद्या शाळेत बाई विचारतील तेव्हा डोक्यातून नुसती धूळ निघेल.

राजानं झोपताना देवडीवरच्या चोपदाराला सांगितलं, "नेहमीचं काही असेल तर मला उठवायचं नाही. फार दमलोय."

चोपदार म्हणाला, "जी."

आणि त्याच वेळी गुंजाबाई अंगठेवाडीत शिरली.

शिरली, आणि मागं दोरा आवळला. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. परतीचा रस्ता असतो मऊ, तो आधी मिटला. येण्याचा रस्ता जरा कडक, तो मागून मिटला. त्यामुळं काय झालं, हमालणी येतायत, येतायत, आणि जात कुणीच नाही. सगळी वाडी भरून फुगली. आणि मग येण्याचाही रस्ता बंद. लांबून मामांचं "चला, चला" नुसतं भिंतीला थडकल्यासारखं ऐकू यायचं. चालणार कुठं?

सगळ्या हमालणी उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा थांबल्या. एक म्हणाली, "बरं झालं बाई, जरा टेकायला मिळालं."

गुंजाबाई म्हणाली, "टेकू नकोस. चुली बघ."

चुली धुरकटल्या होत्या. हवा संपत आली की चूल धड पेटत नाही, धड विझत नाही, आणि आंबट धूर निघतो. तो घरोघर भरायला लागला. वाडीत खोकला सुरू झाला.

आता अंगठेवाडीत एक निरोप्या होता. लांबोबा. अहो, केवढा लांब! त्याचं एक टोक अंगठ्यात आणि दुसरं टोक थेट कमरेच्या कण्यात. आणि एवढा सगळा मिळून एकच जण. त्याला चालावंच लागायचं नाही. इकडे काही झालं की तिकडे कळलंच. कण्यातून पुढं दुसरे निरोपे, त्यांच्याकडून चोपदार, चोपदाराकडून राजा.

पण लांबोबाची एक अडचण होती. त्याला एकच शब्द यायचा. "इथं!" बस्स. आणि तो शब्द मोठ्यानं म्हणता यायचा नाही, हळू म्हणता यायचा नाही. एकाच आवाजात. फक्त भरभर म्हणायचं, किंवा सावकाश म्हणायचं. डास बसला तर सावकाश, "इथं... इथं..." काटा मोडला तर भरभर, "इथंइथंइथंइथं!" चोपदार कान देऊन वेग ओळखायचा आणि ठरवायचा, राजाला उठवायचं की नाही. रीतच होती तशी, पिढ्यान् पिढ्यांची.

वाडीतले ओरडले, "लांबोबा, कळव!"

लांबोबानं कळवलं. "इथं, इथं, इथं, इथं." बऱ्यापैकी वेगानं.

चोपदारानं ऐकलं. म्हणाला, "मुंग्या आल्या असतील. पाय अवघडला की येतात. नेहमीचंच." नाही उठवलं.

मग थोडा वेळ गेला. धूर वाढला. वाडीतले पुन्हा ओरडले, "अरे, कळव की!"

लांबोबानं कळवलं. पण आता लांबोबालाही हवा कमी पडत होती ना. त्याचंही ते टोक अंगठ्यातच. त्याला दम लागला. "इथं... इथं... इथं..."

चोपदार म्हणाला, "हां. कमी होतंय." नाही उठवलं.

मग आणखी वेळ गेला. वाडी निळी पडली. लोक ओरडत होते, पण लांबोबाच्या तोंडून एक "इथं" निघाला, आणि मग दुसरा निघेचना.

वर देवडीवर शांत झालं. चोपदारानं पाय पसरले. म्हणाला, "चला, बरं वाटलं म्हणायचं."

बघा हं आता. खाली माणसं मरायला टेकलीयेत, आणि वर म्हणतायत, बरं वाटलं. चोपदार काही वाईट नव्हता. त्याला रीतीप्रमाणं ऐकायची सवय, आणि ओरडणाराच मेलेला असेल तर काय ऐकू येतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

शरू, पाय आत घे. बाहेर काढून बघतेयस अंगठा, दिसतंय मला.

तर मग वाडीतले लोक लांबोबावर चिडले. "कामचोर! लांबट! बोलत का नाहीस?" आणि हमालणींच्या मागं लागले. "तुमच्या गाठोड्यात हवा आहे. सोडा गाठोडी!" आणि त्या आंबट धुराचा गुण असा, की त्यानं गाठोड्यांच्या गाठी आपोआप ढिल्या होतात. तशाच असतात त्या गाठी. जिथं धूर जास्त तिथं हवा सुटावी म्हणून. तर जवळ जो उभा होता त्यानं ओरबाडली. एकेका हमालणीचं गाठोडं रिकामं व्हायला लागलं. सगळ्यांना घोट घोट मिळाली. घोटानं काय होतंय? दोन घटका धुगधुगी, की पुन्हा तेच.

गुंजाबाईनं आपलं गाठोडं पोटाशी धरलं. गाठ सुटत होती, ती हातानं दाबून धरली. ती आयुष्यभर या वाडीत आली होती. तिला कळलं, ही हवा वाटून संपवली तर सगळे थोडे थोडे जगतील आणि मग सगळेच मरतील. ही एकाच जागी पोचायला हवी.

पण जायचं कसं? वाहतं पाणीच नाही. आणि तिला स्वतःचे पाय नाहीत.

मग भिवानं झोपेत पाय हलवला. तेवढं रक्त इकडचं तिकडे झालं, आणि गुंजाबाई सरकली. सरकली ती कातडीवाल्यांच्या दारात.

कातडीवाले म्हणाले, "आम्ही भिंत राखतो. आम्ही गेलो तर बाहेरचे किडे आत येतील. हवा आम्हाला दे."

गुंजाबाई म्हणाली, "खरं आहे दादांनो. पण देत नाही."

भिवानं पुन्हा पाय हलवला. गुंजाबाई आणखी सरकली. सरकली ती कुणाच्या दारात? नखूआक्काच्या.

नखूआक्काचं विणकाम थांबलं होतं. चूल काळवंडली होती. एवढी तिखट बाई, पण आवाज बसला होता. ती म्हणाली, "आलीस? मला वाटलंच, तू येशील."

गुंजाबाईनं गाठ आणखी दाबून धरली.

"गाठोड्यात आहे ना अजून? नेहमी राखतेस तू. मी उगाच टोचायचे तुला. दे गं थोडी."

गुंजाबाई म्हणाली, "आक्का, तुला नाही देत."

"मला नाही?"

"नाही."

"मग कुणाला?"

"त्या लांबोबाला."

"त्या मुक्याला?" नखूआक्का म्हणाली. मग भिंतीकडे तोंड केलं.

गुंजाबाईला वाटलं, इथंच सोडावं गाठोडं. काय उपयोग आहे पुढं जाऊन? इथं सोडावं, आक्काजवळ बसावं, दोघींनी मिळून विझावं. पानथरी काय नि अंगठेवाडी काय. दमलेल्या बाईला कुठंही झोप लागते. खरंच तिचे हात ढिले पडायला लागले.

तेवढ्यात भिवानं तिसऱ्यांदा पाय हलवला, आणि ती सरकली. तिनं ठरवलं म्हणून सरकली की नुसती ढकलली गेली, ते मला ठाऊक नाही. पण गाठ तिनं दाबून धरली होती, एवढं खरं.

लांबोबा पडला होता. नुसता लांबच्या लांब.

गुंजाबाई म्हणाली, "लांबोबा, ऊठ. ही हवा घे. सगळी घे. काही ठेवू नकोस मला."

लांबोबानं डोळे किलकिले केले.

"पण ऐक," गुंजाबाई म्हणाली. "जपून वापरायची नाही. पुरवून पुरवून म्हणशील तर सावकाश होईल, आणि सावकाश म्हटलं की वरचे समजतात बरं आहे. एका दमात म्हण. आयुष्यात कधी म्हटलं नसशील एवढं भरभर म्हण. मग मेलास तरी चालेल."

"इथं," लांबोबा म्हणाला. त्याला तेवढंच येत होतं ना.

मग गुंजाबाईनं गाठोडं सोडलं. पुरतं सोडलं. हमालणीच्या जातीत कुणी करत नाही ते केलं. झटकून दाखवलं, काही उरलं नाही. बाकीच्या हमालणींनी ते पाहिलं. ज्यांच्याजवळ चिमूट चिमूट उरली होती त्यांनीही ती लांबोबाकडे ढकलली.

लांबोबानं छाती भरली, आणि,

"इथंइथंइथंइथंइथंइथंइथंइथंइथं!"

दचकलीस शरू? मुद्दामच ओरडले. निन्याला उठव, तो खरंच झोपला वाटतं. नको, राहू दे.

देवडीवर चोपदार पडला पालथा. धावत आत गेला. "महाराज! महाराज! दक्षिणेचं टोक!"

झाडूवाले बादल्या टाकून पळाले. डोकोजीराव उठले. त्यांना काही कळेना. न कळताच त्यांनी हुकूम सोडला, "पाय ओढा!"

पाय ओढला गेला. आणि बाहेर भिवा भोई ताडकन उठून बसला आणि ओरडला, "गोदे! मासा! केवढा ओढतोय बघ!"

त्यानं दोरा धरून ओढला. एकीकडून हा ओढतो, दुसरीकडून याचाच अंगठा. गोदी धावत आली. बघते तर मासा कुठाय? अंगठा मात्र वांग्यासारखा निळा, टम्म फुगलेला.

ती म्हणाली, "हे धरलंत होय? शिजवू का रात्रीला?"

"अगं हसतेस काय, सोड! सुटत नाही!"

"गाठीवर गाठ मारायला कुणी सांगितलं होतं?" असं म्हणत तिनं विळी आणली आणि दोरा कापला. आणि खरा मासा? तो गळाचं गांडूळ खाऊन केव्हाच निघून गेला होता, झोपायला.

दोरा सुटला, आणि आत जो लोंढा आला म्हणता! मामांचं "चला" अंगठेवाडीत घुसलं, आणि त्याच्यामागून ताज्या हमालणी, लाल लाल, गाठोडी भरलेल्या. वाडीत एकच कळ उठली. निळी वाडी लाल झाली. चुली भडकल्या. भिवा बाहेर "आई गं, आई गं" करत एका पायावर नाचत होता. आतल्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. ते नुसते खोकत होते, आणि हवा पीत होते.

लांबोबा जगला का? जगला. पण बराच वेळ तो नुसतं "इथं, इथं" म्हणत राहिला. म्हणूनच पाय अवघडून सुटला की नंतर तेवढा वेळ मुंग्या येत राहतात. आता तू करून बघू नकोस उद्या.

आणि गुंजाबाई? ती लोंढ्यात वाहून चालली. रिकामी, काळपट, पाठीवर नुसता धूर. वाटेत नखूआक्काचं दार लागलं. चूल नुकती पेटली होती. नखूआक्का दाराशी आली. गुंजाबाईनं मान खाली घातली.

नखूआक्का म्हणाली, "काही राहिली नाही ना गं तुला?"

"नाही."

"वेडी आहेस," नखूआक्का म्हणाली. आणि मग म्हणाली, "जा आता. दमलीस. थांबू नकोस कुठं."

एवढंच. पाणी ओढत होतं, जास्त बोलायला वेळ नव्हता.

मग गुंजाबाई वर चढली. पोटरीत चढण फार. पण पोटरी दाबते नि सोडते, दाबते नि सोडते, तशी ती चढली. मामांच्या खोलीतून गेली, भात्यात गेली. तिथल्या म्हणाल्या, "मावशी, गाठोडं बांधू?" ती म्हणाली, "बांधा. पण हलकं बांधा." शेवटी हमालीणच ती. मग फिरत फिरत एकदा डाव्या कुशीला वळली, आणि पानथरीच्या खिडकीशी आली.

तिनं अंग दुमडायचा प्रयत्न केला. दुमडेना. पुन्हा केला. दुमडेना.

तिथली माणसं आली. त्यांनी हात देऊन तिला आत घेतलं. एकानं विचारलं, "आत्या, पाठीवरचं देता?" तिनं दिलं. "अंगातलं लोखंडही काढून घ्यावं लागतं. तुम्हाला माहीत असेलच." ती म्हणाली, "घ्या. जड झालं होतं." त्यांनी ते हळूच काढलं आणि हाडांकडे पाठवून दिलं. तिथं नव्या पोरींना ते लागतं. गुंजाबाई बसली. मग कलंडली. मग सुटी सुटी झाली, जशी साखर पाण्यात होते तशी. काही दुखलं नाही तिला. दमलेल्या माणसाला ते फार बरं वाटतं.

रडतेयस का गं शरू? अगं, तिला तेच तर हवं होतं.

आणि पुढं काय झालं ते ऐक, मग झोप. भिवाचा अंगठा बरा झाला. पण थोड्या दिवसांनी त्याच्या अंगठ्याच्या नखावर, पार मुळाशी, एक आडवी रेघ दिसायला लागली. खोलगट, बोट फिरवलं की लागायची. नखूआक्काचं विणकाम जेवढं थांबलं होतं, तेवढी ती रेघ. भिवाला काही कळेना. गोदी म्हणाली, "काही नाही हो, असेल कसलीतरी." रेघ दर महिन्याला थोडी थोडी पुढं सरकली. नखूआक्का विणत होती ना. सरकत सरकत ती टोकाला आली. मग एके दिवशी गोदीनं भिवाची नखं काढली, आणि ती रेघ कापून अंगणात टाकून दिली. कोंबडीनं चोच मारून बघितली आणि सोडून दिली.

तेव्हापासून कायापुरात सगळ्यांच्या चुली पेटलेल्या आहेत. राजा घोरतोय, मामा ढकलतायत, लांबोबा गप्प आहे आणि त्याला काही झालेलं नाही, खरंच बरं आहे. सगळे आपापल्या घरी सुखात. तुम्हीही सुखात राहा आणि आता डोळे मिटा. नखं उद्या उजेडात बघा.

सरक जरा शरू. मला पण आडवं होऊ दे.